पणजीचं नाव कुठं सापडतं?

आज एक सोपा प्रश्न विचारतो. तुमच्या आजीच्या आईचं नाव काय?

घाई करू नका, आठवा. आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही हा प्रश्न फिरवला तेव्हा कुणी गाव सांगितलं, कुणी आडनाव सांगितलं, एकीनं "भाकरी फार पातळ थापायची म्हणे" एवढं सांगितलं. नाव दोघीतिघींनाच आलं. पणजोबांचं नाव मात्र सगळ्यांना आलं. त्यात आपली काही हुशारी नाही. आपल्याकडं आजोबांचं पूर्ण नाव घेतलं की मधल्या नावात पणजोबा फुकटात मिळतात. बाईच्या वाट्याला असं मधलं नाव दोनदा येतं, आधी बापाचं, मग नवऱ्याचं, आणि तिचं स्वतःचं नाव पुढं कुणाच्याच नावात जात नाही. त्यातून लग्नात तेही बदललं असलं तर विचारायलाच नको.

जुनी नावं शोधणं म्हणजे मोठ्या घरच्यांचं काम, इनामदार-सरदारांच्या वंशावळी असतात, आपल्या शेतमजुराच्या, गिरणी कामगाराच्या घरात काय असणार, असं आपल्याला वाटतं. पण लेकीच्या ॲडमिशनची वेळ येते आणि जात पडताळणीसाठी जुना पुरावा मागतात, तेव्हा हेच काम आपल्या दारात येऊन उभं राहतं. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा कागद त्यासाठी महत्त्वाचा धरतात. म्हणजे आई-बाप नव्हे, आजा-पणजाच शोधावा लागतो. शिवाय वारसनोंद असते, घराचा उतारा असतो. आणि आपल्या शिरोळ तालुक्यात तर कृष्णा-पंचगंगेनं 2005, 2019 आणि 2021 मध्ये घरात शिरून किती घरांची कागदांची पेटीच नेली. वाडीत पाणी चढलं की देवळात दक्षिणद्वाराचा सोहळा होतो, पण तेच पाणी आपल्या कपाटापर्यंत आलं की रेशनकार्डाचा लगदा होतो.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरचं असंच झालं. 2019 च्या पुरात सगळं गेलं आणि दोन वर्षांनी लेकीच्या शिक्षणासाठी पणज्याचा पुरावा शोधायची वेळ आली. त्यांच्याबरोबर हिंडताना आम्ही जे शिकलो ते आज सांगतो. त्यात पणजा सापडलाच, पण आम्हाला जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच, ते ओघात येईल.

पहिलं काम ऑफिसातलं नाही, घरातलं आहे. घरातली, भावकीतली, माहेरची सगळ्यात म्हातारी माणसं गाठायची. त्यांना "तुमचा जन्म कधीचा" असं विचारू नका. त्यांना तारखा माहीत नसतात, आणि कागदावरची तारीखही फार वेळा खरी नसते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट 1 जून टाकलेली कितीतरी माणसं आपल्या घरात आहेत! त्यापेक्षा प्रसंग विचारा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कोण पोटात होतं? तो 11 डिसेंबर 1967 चा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण गेलं? गांधीजी गेले तेव्हाच्या जाळपोळीत आजी केवढी होती? त्याच्याही मागं जायचं असेल तर म्हातारी माणसं त्यांच्या आईकडून ऐकलेलं सांगतात : शाहू महाराज गेले ते साल, म्हणजे 1922, मानमोडीची साथ, म्हणजे 1918 चा इन्फ्लुएंझा, आणि गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिले तो प्लेग, जो 1896 साली मुंबईत आला आणि पुढं बरीच वर्षं गावोगाव फिरत राहिला. असा एक खुंटा रोवला की पाचदहा वर्षांचा टप्पा हाती येतो, आणि ऑफिसात कुठल्या सालाचं दप्तर काढायचं ते कळतं. जुन्या कागदावर शक असेल तर त्यात 78 मिळवा, इसवी सन येतं. शके 1840 म्हणजे 1918.

आणि बाईबद्दल विचारताना चार गोष्टी लिहून घ्याच : माहेरचं नाव, लग्नातलं नाव, माहेरचं गाव, आणि हाक मारायचं नाव. कागदावर यातलं कुठलंही एक निघू शकतं. ताईंच्या पणजीला सगळं गाव ज्या नावानं ओळखायचं ते नाव एकाही कागदावर नव्हतं.

आता दप्तरं. आधी हे समजून घ्या की आपला भाग एका राज्याचा नव्हता. काही गावं कोल्हापूर संस्थानात, शेजारची काही पटवर्धनांच्या कुरुंदवाड, मिरज, सांगली संस्थानांत. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं, पटवर्धनांची संस्थानं त्याच्या आदल्या वर्षी. म्हणून तुमचं गाव तेव्हा कुणाकडं होतं हे म्हाताऱ्यांना आधी विचारा, जुना कागद त्याप्रमाणं वेगळ्या ठिकाणी असतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात नाही सापडला तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात विचारता येतं. तिथले जुने कागद बरेचसे मोडीत आहेत. मोडी बघून घाबरू नका. मोडी वाचणारी माणसं जिल्ह्यात आहेत, आणि पुराभिलेख संचालनालय मोडीचं प्रशिक्षण देतं, परीक्षाही घेतं. बचत गटातल्या एखाद्या मुलीनं शिकून घेतलं तर हे पैसे मिळवायचंही काम आहे.

सगळ्यात उपयोगाचं दप्तर म्हणजे गाव नमुना नंबर 14. त्यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. गावात कुणाकडं जन्म झाला, कोण गेलं, ही खबर कोतवाल आणायचा आणि ती नोंद व्हायची. बापाचं नाव, जात, तारीख त्यात असते. पडताळणीच्या कामात याला फार मान आहे. 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा गावोगावची ही बुकं कपाटांतून बाहेर आली, त्यामुळं आता कर्मचाऱ्यांनाही ती कुठं आहेत ते चांगलं माहीत आहे.

ताईंच्या पणज्याची नोंद इथंच निघाली. काम झालं होतं, चहा प्यायला जायचं तेवढं बाकी होतं. पण आम्ही तेच बुक पुढची काही पानं चाळत राहिलो. त्याच पणज्याच्या नावासमोर आणखी जन्म निघाले. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बऱ्याचदा नसतंच, बारसं पुढं व्हायचं असतं. नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी". पणज्याच्या नावासमोर तीन वेळा "मुलगी" होतं. घरात सगळ्यांना एकच आत्या-आजी माहीत होती. बाकीच्या दोघी मग मृत्यूच्या पानांवर सापडल्या, एक काही महिन्यांची आणि एक चार वर्षांची, कारण "ताप". चार वर्षांच्या मुलीला नाव असणारच, पण तिथंही "अमक्याची मुलगी" एवढंच. ताई बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या होत्या. त्यांच्या सासूबाईंना घरी येऊन सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणून आजी चैत्रात दोन पोरींना जेवू घालायची." ते का, हे घरात कुणाला माहीत नव्हतं.

इथं थोडं इंग्लंडचं सांगतो, कारण तुलना केल्याशिवाय आपलं कुठं अडतं ते कळत नाही. तिकडं खाणीतल्या, सूतगिरणीतल्या, मोलकरणीच्या कामातल्या गरिबांची पतवंडं आज आवडीनं आपल्या घराण्याचा शोध घेतात. त्यांचे पूर्वजही निरक्षरच होते, लग्नाच्या नोंदवहीत सहीच्या जागी फुली मारायचे. पण त्यांच्या चर्चमध्ये 1538 पासून बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवायचा हुकूम होता. आणि 1 जुलै 1837 पासून सरकारी जन्मनोंद सुरू झाली, तिच्यात आईचं नाव आणि तिचं माहेरचं आडनाव हा रकानाच ठेवला. एका रकान्यानं केवढा फरक पडतो पाहा! त्या रकान्यावरून माणूस आईच्या माहेरी जातो, तिथून तिच्या आईच्या माहेरी. त्यांची जनगणनाही नावानिशी असते आणि शंभर वर्षांनी लोकांना खुली होते; 1921 ची 2022 साली खुली झाली. त्यांचंही सगळं सुरळीत नाही. 1931 च्या जनगणनेचे कागद 1942 साली आगीत जळाले. आपल्याकडं जनगणनेतली माणसांची नावं कायद्यानं गुप्त असतात, ती बघायला मिळत नाहीत. फक्त 1951 साली जनगणनेवरून नागरिकांची एक राष्ट्रीय नोंदवही केली होती, ती काही ठिकाणी शिल्लक आहे आणि पुराव्याला चालते. ती आहे का, हे तहसीलमध्ये जरूर विचारा.

कागदावर मुलाच्या नावात आईचं नाव घालायचा नियम आपल्याकडं व्हायला 2024 उजाडलं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव, असा नियम महाराष्ट्रानं केला. चांगलं झालं, पण पणजीला त्याचा उपयोग नाही. तिला वळसा घालूनच गाठावं लागतं.

तो वळसा जमिनीच्या कागदांतून जातो. सातबारा सगळ्यांना माहीत असतो, पण खरी गोष्ट फेरफारात असते, म्हणजे गाव नमुना 6. सातबाऱ्यावर नावांजवळ गोलात जे आकडे दिसतात ते फेरफारांचे नंबर. तो नंबर घ्या आणि त्या फेरफाराची नक्कल मागा. कोण कधी मेलं, मागं कोण राहिलं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. बायकांची नावं तीन जागी लपलेली असतात. एक, मुलं लहान असताना बाप गेला तर मुलांच्या नावापुढं "अ. पा. क." असतं, म्हणजे अज्ञान पालन कर्ता, आणि तिथं आईचं नाव येतं. एरवी जिचं नाव कुणी लिहिलं नसतं ती विधवा झाली की कागदावर येते. दोन, सातबाऱ्याचा "इतर हक्क" हा रकाना. वारसनोंद होताना भावांची नावं कब्जेदार म्हणून आणि बहिणींची या कोपऱ्यात, असं कित्येक गावांत झालंय. तीन, हक्कसोडपत्र. भावाला जमीन सोडून दिली, त्या कागदावर बाईचं नाव सगळ्यात पूर्ण असतं : माहेरचं, सासरचं, वय, गाव, अंगठा. आम्हाला हे वाचताना बरं वाटत नाही, पण शोधणाऱ्याला सगळ्यात जास्त माहिती तिथंच मिळते. महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि केंद्रानं 2005 मध्ये कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाइतका हिस्सा दिला, त्यामुळं "इतर हक्क"मधलं एखादं नाव नुसती आठवण नसतं, हेही ध्यानात असू द्या.

फार जुना कागद हाती आला तर शेवटी सहीच्या जागी बघा. अंगठ्याची पद्धत रुळण्याआधी निरक्षर माणूस आपल्या कामाची खूण काढायचा. पाटलाची निशाणी नांगर. बाईची निशाणी बांगडी.

पण ज्यांची जमीनच नव्हती त्यांचं काय? आपल्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचा हाच प्रश्न आहे. शेत कसत होते पण मालक दुसरा, अशांची नावं कुळाच्या रकान्यात, कुळ नोंदवहीत बघा. कूळकायदा 1948 चा, आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन, त्या दिवसापासून कसणारी कुळं जमिनीची मालक धरली गेली. त्या वेळच्या चौकशीचे कागद तहसीलला असतात. जे कूळही नव्हते, नुसते रोजानं जाणारे, त्यांच्यासाठी शाळा हा सगळ्यात मोठा आधार. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचं जाहीर केलं. मूल शाळेत धाडलं नाही तर पालकाला दंड होता. त्यामुळं ज्या घरात दुसरा एकही कागद नाही त्या घरातलं पोर चार महिने का होईना शाळेत गेलेलं असतं, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला त्याची ओळ असते. नाव, बाप, जात, कुठून आला, कधी सोडली. गावच्या सगळ्यात जुन्या शाळेत जा, आणि आजोबांचं नाव नाही मिळालं तर त्यांच्या भावाबहिणींचं बघा. सख्ख्या चुलत्याचा पुरावाही नातं सिद्ध झालं की चालतो. ताईंच्या घरचा दुसरा पुरावा असाच चुलत आजोबांचा निघाला.

पोटासाठी गाव सोडलेल्यांची वाट वेगळी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1906 साली गिरणी काढली, तिच्यावर कितीतरी घरं जगली. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली आला. आणि मुंबईच्या गिरणगावात तर आपल्याकडचे गडी पिढ्यान्‌पिढ्या गेले. कायम कामगाराचा माग लागतो : हजेरी कार्ड, तिकीट नंबर, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, ई.एस.आय.चं कार्ड. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि बरेच जण हात हलवत गावी आले, पण ट्रंकेत तो एक बिल्ला किंवा कार्ड राहिलं. ते भंगारात देऊ नका. गिरणी कामगारांना आणि वारसांना म्हाडाकडून घरं द्यायची योजना आली तेव्हा नवऱ्याचं एखादं कार्ड नीट ठेवलेल्या विधवेला अर्ज भरता आला.

बाईचं मात्र इथंही अवघड. मागावर काम करणाऱ्याचं नाव कुठंतरी असतं. त्याच्यासाठी घरात बसून कांड्या भरणारीचं कुठं असणार? गिरणगावात शेकडो कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या, त्यांची नोंद कुठल्या हजेरीपटावर? 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यातल्या काही जणींना बँकेचं कर्ज मिळालं, तेव्हा त्यांची नावं स्वतःच्या कामामुळं कागदावर आली. आमच्या मते बाईचं नाव शोधायची ही चांगली खूण आहे : तिनं कुणाची बायको म्हणून नव्हे, आपल्या कामाचा व्यवहार कुठं केला? पतपेढीचं खातं, दूधसंस्थेचं सभासद पुस्तक, रोजगार हमीचा हजेरीपट, सुईण म्हणून नाव.

मतदार यादीही बघा. पण तिची एक गोष्ट मोठी आहे. स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक 1951-52 ची. यादी करताना उत्तरेकडच्या राज्यांत कितीतरी बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही, "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नावाशिवाय नोंद चालणार नाही असं ठरवलं, आणि सुमारे 28 लाख बायकांची नोंद यादीतून गेली. पुढच्या निवडणुकीला मग नावं आली.

ऑफिसाबाहेरची दोन दप्तरं राहिली. एक, नाशिक, त्र्यंबकेश्वरसारख्या क्षेत्रांतल्या उपाध्यांच्या वह्या. गाव आणि आडनाव सांगितलं की ते घराण्याची वही काढतात, आणि पणजोबा अस्थी घेऊन गेले असतील तर त्यांच्या हातची ओळ दिसते. पण ज्यांना तेव्हा घाटावर उभं राहू देत नव्हते त्यांची ओळ त्या वहीत कुठून येणार, तेव्हा हा पुरावा सगळ्यांसाठी सारखा नाही. दुसरं म्हणजे आपल्या सीमाभागातले हेळवी. सुगी झाली की बैल घेऊन येतात, ओट्यावर बसून चोपडी उघडतात आणि घराण्याचं मूळ पुरुषापासून वाचतात. कन्नडमध्ये हेळू म्हणजे सांगणं, त्यावरून हे नाव आलं असं काहीजण म्हणतात. धान्य, कापड, पैसे घेतात आणि नवी नावं लिहून जातात. आता ते कमी येतात. वाचतात बहुतेक पुरुषांचीच नावं. आम्ही यंदा आलेल्या हेळव्याला लेकी-सुनांची नावं माहेरासकट लिहायला सांगितली. तो हसला, "असं कुणी सांगत नाही" म्हणाला, पण एक पायली जोंधळे जास्त घेऊन लिहिली.

ऑफिसात जाताना साधा अर्ज लिहून न्या : कुणाची नोंद, कुठल्या गावची, साधारण कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, कुठल्या नमुन्यात. पोच घ्या. "सापडत नाही" असं तोंडी सांगितलं तर तेवढंच लेखी मागा. उत्तरच येत नसेल तर 2005 चा माहितीचा अधिकार आहे, अर्जाची फी दहा रुपये. एकटीनं जाऊ नका, दोघी जा. एक बोलेल आणि एक वाचेल, आणि पुढची चार पानं चाळायला दुसरी नजर लागते.

मिळालेल्या नकलेवर शिक्का आणि सही बघून घ्या. घरचे जुने कागद लॅमिनेशन करू नका, उष्णतेनं अक्षर जातं आणि मग तो कागद परत मोकळा करता येत नाही. भिजलेले कागद उन्हात टाकू नका, ओढून सुटे करू नका. सावलीत, वाऱ्यावर, पांढऱ्या सुती कापडावर पसरा. मोबाईलवर फोटो काढा, पण छापील संचही ठेवा, आणि तो पूररेषेच्या बाहेर. आमच्या गटातल्या तिघींनी आपल्या माहेरच्या आणि सासरच्या कागदांचा एकेक संच पन्हाळ्याकडं, उंचावरच्या गावी दिलेल्या बहिणींकडं नेऊन ठेवलाय. वर यादी चिकटवली आहे, तिच्यात आधी बायकांची नावं लिहिली आहेत. ज्या दोन मुलींचं नाव कुठंच मिळालं नाही त्यांच्या जागी त्यांच्या जन्माची तारीख आहे.